ओमाहा : गुरांचा बाजार उठला, स्टेक राहिला

मंगळवार

शिकागोहून दुपारी सुटलेली ॲमट्रॅकची रेल्वेगाडी आयोवा राज्य आडवे कापत रात्री अकराच्या सुमारास नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात पोहोचते. ऑक्टोबर महिना होता आणि उजेड होता तोवर खिडकीबाहेर मक्याची काढणी चाललेली दिसत होती. मैलोन् मैल उभा मका, मधूनच काढणी झालेला मोकळा तुकडा आणि क्षितिजावर धान्याची उंच कोठारे, याखेरीज दुसरे काही नव्हते. ज्या स्टेकसाठी, म्हणजे बीफच्या भाजलेल्या जाड कापासाठी, मी ओमाहाला निघाले होते त्याची सुरुवात खरे तर याच मक्यापासून होते. पश्चिमेच्या माळरानांवर गवत खाऊन वाढलेली गुरे आणि पूर्वेच्या मोठ्या शहरांतले मांसाचे ग्राहक यांच्या मधोमध हा मक्याचा पट्टा आहे, आणि त्याच पट्ट्यात मिसुरी नदीच्या काठी ओमाहा वसले आहे. देशाची पूर्व आणि पश्चिम जोडणाऱ्या रेल्वेचे काम युनियन पॅसिफिक कंपनीने १८६०च्या दशकात इथूनच पश्चिमेकडे नेले आणि १८६९ मध्ये तो मार्ग पुरा झाला. कंपनीचे मुख्यालय आजही याच शहरात आहे. गुरे, मका आणि रेल्वे या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी आल्यावर तिथे गुरांचा मोठा बाजार उभा राहणे ही केवळ भांडवल आणि जागा यांची बाब उरली होती.

स्टेशनवर मावसभाऊ घ्यायला आला होता. तो बरीच वर्षे इथल्या एका विमा कंपनीत नोकरी करतो. मी बीफ खाते, तो खात नाही, आणि यावरून आमच्यात कधी वाद झालेला नाही. घराकडे जाताना त्याने गाडीतच सांगून टाकले, "ताई, तू मोकळेपणाने खा. मी समोर बसेन आणि स्पगेटी खाईन." ओमाहात स्टेकहाउसमध्ये जाऊन स्पगेटी मागवणे ही अगदी रूढ गोष्ट आहे, हे त्याला इथे राहून ठाऊक झाले होते. ती रूढ कशी झाली, हे मला पाहायचे होते.

बुधवार

सकाळी आम्ही साउथ ओमाहाकडे निघालो. आज हा शहराचा दक्षिण भाग मानला जातो, पण १९१५ पर्यंत ते एक स्वतंत्र शहर होते आणि त्याचा जन्मच गुरांच्या बाजारातून झाला होता. वायोमिंगमध्ये गुरांचे मोठाले कळप बाळगणारा अलेक्झांडर स्वान याला शिकागोच्या अलीकडे एखादा बाजार हवा होता. ओमाहातले विल्यम पॅक्स्टन, जॉन क्रायटन वगैरे धनिक त्याला येऊन मिळाले, १८८३ मध्ये स्टॉकयार्ड, म्हणजे गुरांचा बाजार, चालवणारी युनियन स्टॉकयार्ड्स कंपनी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी गुरे येऊ लागली. त्याआधी इथे जवळपास नुसती शेते होती. १८९० मध्ये तिथली वस्ती सुमारे ८,००० झाली आणि १९०० मध्ये ती २६,००० वर गेली. या झपाट्यामुळे लोक त्याला 'जादूचे शहर' म्हणू लागले.

मात्र या जादूमागचे कारण अगदी रोखठोक होते. १८८० च्या सुमारास गुस्ताव्हस स्विफ्टसारख्या मांस-व्यापाऱ्यांनी बर्फाने थंड ठेवलेले रेल्वेचे डबे यशस्वी करून दाखवले. तोवर जिवंत जनावरे पूर्वेपर्यंत न्यावी लागत. वाटेत त्यांचे वजन घटे, काही मरत, आणि ज्याचे मांस होत नाही अशा हाडाकातड्याचेही भाडे भरावे लागे. थंड डबे आल्यावर जनावर मक्याच्या पट्ट्यातच कापून फक्त मांस पुढे पाठवणे परवडू लागले. हॅमंड, स्विफ्ट, कडाही, आर्मर या कंपन्यांनी स्टॉकयार्डला खेटूनच आपले कत्तलखाने उभारले. पुढे आर्मर, कडाही, स्विफ्ट आणि विल्सन हे इथले चार बडे मानले जाऊ लागले.

आज तिथे गेल्यावर उरलेली ठळक खूण म्हणजे लाइव्हस्टॉक एक्स्चेंजची इमारत. १९२६ मध्ये बांधलेली, अकरा मजल्यांची, विटांची ही वास्तू जॉर्ज प्रिन्झ या स्थापत्यकाराने उत्तर इटलीतल्या जुन्या वाड्यांच्या धर्तीवर उभारली. सभोवती इतकी बैठी घरे आणि गोदामे आहेत की ती बरीच दुरून दिसते. मी इमारतीला एक फेरी घातली आणि वरच्या मजल्यांवरच्या कमानी, विटांची नक्षी डोळे भरून पाहिली. गुरांच्या बाजाराच्या कचेरीसाठी कोणी एवढी देखणी वास्तू बांधावी, यावरून त्या धंद्याचा स्वतःबद्दलचा अभिमान कळतो. आत अडत्यांच्या कचेऱ्या, बँक, केशकर्तनालय, उपाहारगृह आणि वर नाचाचे सभागृहसुद्धा होते. आता तिथे राहण्याची घरे आणि एक सामुदायिक आरोग्य केंद्र आहे. इमारतीभोवती जिथे लाकडी कुंपणांचे शेकडो वाडे पसरलेले होते, तिथे महाविद्यालयाच्या इमारती, दुकाने आणि गोदामे झाली आहेत.

या वाड्यांमध्ये व्यवहार कसा होई हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काही समजत नाही. शेतकरी किंवा पशुपालक स्वतः विक्री करत नसे. आपल्या बाजार समितीत शेतमाल जसा अडत्याच्या गाळ्यावर उतरतो, तशी त्याची गुरे एखाद्या अडत कंपनीच्या वाड्यात उतरत. गुरांना चारापाणी मिळे. हा केवळ दयाभाव नव्हता, कारण रेल्वेच्या प्रवासात सलग २८ तासांपेक्षा जास्त काळ जनावरे डब्यात ठेवू नयेत, असा केंद्राचा कायदा १८७३ पासून होता. शिवाय पाणी प्यालेले जनावर वजनातही भरते. सकाळी कत्तलखान्यांचे खरेदीदार, त्यांतले पुष्कळसे घोड्यावर बसून, वाड्यावाड्यांतून फिरत. अडत्या भाव सांगे, खरेदीदार आपला भाव सांगे, आणि सौदा तोंडी ठरे. मग गुरे काट्यावर जात आणि वजनाप्रमाणे पैसे मिळत. मोठ्या कंपन्या संगनमताने भाव पाडतात अशी तक्रार फार जुनी होती, आणि ती इतकी वाढली की १९२१ मध्ये संसदेला पॅकर्स अँड स्टॉकयार्ड्स कायदा करावा लागला.

या बाजाराने १९५५ मध्ये शिकागोला मागे टाकले आणि जनावरांच्या बाजारात ओमाहा अव्वल ठरले. त्याच काळात, १९५६ पासून, नेब्रास्कातल्या मोटारींच्या नंबरपाट्यांवर 'बीफचे राज्य' असे शब्द छापले जात होते. एखाद्या शहराने वैभवाच्या ऐन शिखरावर पाय ठेवावा आणि त्याच क्षणी खालची जमीन सरकू लागावी, असे ओमाहाचे झाले. ती कशी सरकली, हे शुक्रवारी नीट दिसणार होते.

काम करणाऱ्या माणसांविषयी मात्र आजच लिहायला हवे, कारण सबंध दुपार मी त्यांच्याच वस्त्यांतून हिंडले. आयरिश, चेक, पोलिश, लिथुएनियन, क्रोएशियन, ग्रीक, मेक्सिकन असे जथे एकामागून एक आले आणि कत्तलखान्यांच्या आसपास आपापली चर्च, आपापल्या पावाच्या भट्ट्या आणि दारूचे गुत्ते घेऊन राहिले. त्यांचे एकमेकांशी नेहमीच जमले, असे समजण्याचे कारण नाही. १९०९ च्या फेब्रुवारीत जमावाने ग्रीकांची वस्ती जाळली आणि त्यांना गाव सोडून पळावे लागले. संप मोडण्यासाठी कंपन्या एका गटाविरुद्ध दुसऱ्या गटाला आणून उभे करत. दक्षिणेकडून आलेल्या कृष्णवर्णीय कामगारांचा असाच वापर झाला, आणि ही फूट भरून यायला १९४० चे दशक उजाडावे लागले. तेव्हा उभी राहिलेली युनायटेड पॅकिंगहाउस वर्कर्स ही संघटना गोऱ्या-काळ्यांना एकत्र घेऊन लढली. रोवेना मूर या कृष्णवर्णीय कार्यकर्तीने कत्तलखान्यात आपल्यासारख्या स्त्रियांना काम मिळावे म्हणून याच शहरात झुंज दिली. या लढ्यांमुळे कत्तलखान्यातली नोकरी ही संसार चालवता येईल, घर घेता येईल अशी नोकरी झाली. जे हात दिवसभर मांस कापत होते, त्यांना ते बायकोमुलांसह एखाद्या शनिवारी टेबलावर बसून खाणे परवडू लागले. ओमाहाच्या स्टेकहाउसांच्या भरभराटीत या पगाराचा वाटा फार मोठा आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. कोरीव लाकडाच्या आणि वाकून नमस्कार करणाऱ्या वाढप्यांच्या खानदानी उपाहारगृहांची परंपरा न्यूयॉर्कने जपावी. ओमाहाची परंपरा वेगळ्या घरातली आहे.

ते घर संध्याकाळी पाहिले. जॉनीज कॅफे स्टॉकयार्डच्या अगदी कडेला, सत्ताविसाव्या रस्त्यावर आहे. पोलंडहून आलेल्या फ्रँक कावा याने १९२२ मध्ये ते चालवायला घेतले, तेव्हा देशभर दारूबंदी होती. म्हणून भर जेवणावरच द्यावा लागला, आणि ते जेवण बाजारातल्या गडीमाणसांसाठी, अडत्यांसाठी आणि गुरे घेऊन आलेल्या पशुपालकांसाठी होते. बाजारात गुरे विकून हाती रोकड आलेला माणूस रस्ता ओलांडून इथे येत असे. तिथे शेजारच्या टेबलावर त्याच्याच गुरांचा खरेदीदार बसलेला असायचा. समोरचा बाजार १९९९ मध्ये कायमचा बंद झाला, पण कावा कुटुंबाची पुढची पिढी उपाहारगृह चालवत राहिली.

मी प्राइम रिब मागवला. पाठीच्या बाजूच्या बरगड्यांचा अखंड भाग मीठ चोळून मंद आचेवर कित्येक तास भाजतात आणि मागणीप्रमाणे कापून वाढतात. माझ्यासमोर आलेला काप बोटाच्या दोन पेरांएवढा जाड होता. बाहेरची कड काळपट तपकिरी, खारट आणि किंचित कुरकुरीत होती. तिच्या आत बोटभर रुंदीची चरबी पिवळसर होऊन विरघळायला आली होती, आणि मध्यभागी एकसारखा गुलाबी रंग होता. सुरी टेकवली की मांसाचे पदर आपोआप सुटत होते. सोबत भाजताना गळालेला रस एका छोट्या वाटीत आणि किसलेला हॉर्सरॅडिश होता. या मुळाची चव आपल्या मोहरीच्या जवळची, पण नाकात अधिक तीव्रतेने चढणारी. मसाला म्हणावा असे याखेरीज काही नव्हते आणि त्याची उणीवही भासली नाही. समोर मावसभावाने पावाची टोपली, सॅलड आणि भाजलेला बटाटा यांवर पोटभर जेवण केले. वाढणाऱ्या वयस्क बाईंनी त्याला दोनदा आणखी पाव आणून दिला. त्या प्रत्येक टेबलावर थांबून जुन्या ओळखीने बोलत होत्या.

गुरुवार

आजचा दिवस दहाव्या रस्त्याच्या आसपासच्या लिटल इटलीसाठी ठेवला होता, आणि माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर इथेच होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिसिलीतल्या कार्लेंटिनी या एका गावातून शेकडो माणसे ओमाहाला आली. सालेर्नो बंधूंपैकी सेबास्तियानो हा आगबोट कंपनीचा दलाल म्हणून काम करत असे, आणि त्याने आपल्या गावकऱ्यांना इकडे आणण्याचा सपाटाच लावला. आलेल्यांपैकी बहुतेक जण युनियन पॅसिफिकच्या यार्डात लागले आणि काही कत्तलखान्यांत गेले. गावाची ग्रामदेवता म्हणावी अशी सांता लुचिया ही संत. तिचा उत्सव ग्रात्सिया बोनाफेदे कानिल्या या बाईंनी १९२५ मध्ये ओमाहात सुरू केला, आणि तो अजून दर उन्हाळ्यात भरतो.

याच कानिल्या घराण्यातले चिरिनो आणि जोव्हान्ना हे जोडपे आधी पावाची भट्टी चालवत होते. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, त्यांच्या कुटुंबाने त्याच वस्तीत पिझ्झाचे उपाहारगृह काढले. पुढे त्याचे स्टेकहाउस झाले, आणि मुलांनी शहरात निरनिराळ्या ठिकाणी स्वतःची स्टेकहाउसे काढली. त्यांतल्या मिस्टर सीजमध्ये नाताळचे दिवे वर्षाचे बारा महिने लावलेले असत, हे ओमाहातली माणसे आजही कौतुकाने सांगतात. कॅशिओ बंधूंनी १९४६ मध्येच दहाव्या रस्त्यावर आपले दार उघडले. पिक्कोलो कुटुंबाचे उपाहारगृह १९३० च्या दशकातले, आणि गोरॅट दांपत्याचे १९४४ चे.

इटालियन माणसाने स्टेकहाउस का काढावे, याचे उत्तर या गल्ल्यांतून चालताना सहज मिळते. युद्धावरून परतलेल्या मुलांच्या हाती थोडे पैसे होते आणि नोकरदार वर्ग बाहेर जेवायला शिकत होता. घरच्या बायकांना शंभर माणसांचा स्वयंपाक करण्याची सवय लग्नकार्यांतून आणि सांता लुचियाच्या उत्सवातून लागलेली होती. कत्तलखाने पाचसात किलोमीटरवर होते, त्यामुळे उत्तम मांस घाऊक भावात आणि ताजे मिळे. पाहुण्याला हवा होता स्टेक, आणि आईला येत होती पास्ता. तिने स्टेक दिला, पण पास्ता दिल्यावाचून पाहुण्याला उठू देणे तिला पटत नव्हते. म्हणून स्टेकच्या शेजारी टोमॅटोच्या लाल रश्शातली स्पगेटी किंवा मोस्ताच्योली ही नळ्यांची पास्ता येऊन बसली आणि तिथून ती हललीच नाही. आता तर पोलिश किंवा चेक आडनावाच्या माणसालाही तिच्यावाचून स्टेक अपुरा वाटतो.

ओमाहाच्या जुन्या स्टेकहाउसातला पूर्ण क्रम संध्याकाळी कॅशिओजमध्ये अनुभवला. बसताच पाव आणि लोणी येते. मग सूप किंवा सॅलड. सॅलडवर डोरोथी लिंच नावाचे नारिंगी, गोडसर ड्रेसिंग घेण्याची पद्धत आहे. ते १९४० च्या दशकात नेब्रास्कातल्या सेंट पॉल या गावात जन्माला आले आणि या राज्याबाहेर फारसे कोणी ते मागत नाही. मग स्टेक, आणि त्यासोबत बटाटा हवा की स्पगेटी, असा प्रश्न. भावाने स्पगेटीची मोठी थाळी मागवली, मी सरलॉइन या कमरेजवळच्या मांसाच्या स्टेकबरोबर तीच छोट्या बशीत घेतली. रस्सा घरी बराच वेळ उकळलेला, लसणाचा वास पुढे आणि टोमॅटोची आंबटगोड चव मागे अशा जातीचा होता. स्टेकचा तुकडा त्या रश्शात बुडवून खाल्ला, तेव्हा ही जोडी निव्वळ सवयीची नाही, चवीचीही आहे हे पटले. भाजलेल्या मांसाला जो आंबटपणा हवा असतो, तो इथे आपसूक मिळतो. शेजारच्या मोठ्या टेबलावर एका आजोबांचा वाढदिवस चालला होता आणि चार पिढ्या जेवायला बसल्या होत्या. त्यांतल्या दहाबारा वर्षांच्या मुलाने टी-बोन या स्टेकमधले इंग्रजी 'टी'च्या आकाराचे हाड हातात धरून साफ केले, आणि त्याला कोणी रागावले नाही.

मूळचे कानिल्या २००५ मध्ये बंद झाले, मिस्टर सीज २००७ मध्ये आणि पिक्कोलो २०१५ च्या सुमारास. कोणत्याही एका शत्रूने ती बंद पाडली नाहीत. मालक थकले, मुले डॉक्टर आणि वकील झाली. ज्या श्रमाने ती उपाहारगृहे उभी राहिली तो श्रम पुढच्या पिढीने करू नये, हीच तर त्या आईबापांची इच्छा होती.

शुक्रवार

सकाळी वायव्येकडे तासदीड तासावर असलेल्या वेस्ट पॉइंट गावाच्या परिसरात गेलो. भावाच्या ओळखीने एका शेतकरी कुटुंबाने त्यांचे फीडलॉट, म्हणजे गुरे पोसून वजनाला आणण्याचे आवार, पाहू दिले. पश्चिमेकडच्या सँडहिल्स नावाच्या गवताळ वाळूच्या टेकड्यांवर वासरे जन्मतात आणि सहाआठ महिने आईपाशी वाढतात. पुढे इथे आणून चारसहा महिने त्यांना मक्याच्या खुराकावर ठेवतात. कुंपणाच्या कडेने शेदीडशे मीटर लांबीची सिमेंटची गव्हाण होती आणि तिच्यात ट्रकमधून आंबोण पडत होते. मी ते हातात घेऊन पाहिले. दाबून चपटा केलेला मका, मुरघास आणि इथेनॉलच्या कारखान्यातून आलेला मक्याचा ओला चोथा यांचे ते मिश्रण कोमट होते आणि त्याला ताडीसारखा आंबूस वास येत होता. ट्रकचा आवाज ऐकताच काळी, तांबडी खच्ची केलेली खोंडे ओळीने येऊन माना बाहेर काढून खाऊ लागली. त्यांचे डोळे, त्यांची ओली नाके हातभर अंतरावर होती. खाणाऱ्याने हे एकदा जवळून पाहावे असे मला वाटते. माझे खाणे त्यामुळे थांबले नाही, पण ताटातला तुकडा टाकून देणे मात्र यापुढे जमणार नाही.

मक्यामुळे मांसाच्या आत चरबीच्या बारीक पांढऱ्या रेघा पसरतात आणि ओमाहाच्या स्टेकची कीर्ती याच रेघांवर उभी आहे. सरकारी प्रतवारी १९२७ पासून चालू आहे. बाराव्या आणि तेराव्या बरगडीच्या मध्ये काप घेऊन तपासनीस त्या जागेवरच्या रेघा आणि जनावराचे वय पाहतो आणि प्राइम, चॉइस, सिलेक्ट असा शिक्का ठरवतो. नेब्रास्कात माणसांच्या सुमारे तिप्पट गुरे आहेत, म्हणजे हा बाजार कुठे नाहीसा झालेला नाही. तो फक्त शहरातून उठून इथे आला.

त्याचा इतिहास या आवारात उभे राहून नीट उमगतो. रेल्वे होती तोवर गुरांना शहरात येण्यावाचून गत्यंतर नव्हते. ट्रक आणि चांगले रस्ते आल्यावर कत्तलखान्याचा खरेदीदार थेट फीडलॉटवर येऊन सौदा करू लागला, आणि अडत्याचे काम संपले. आयोवातल्या डेनिसन गावी १९६० मध्ये सुरू झालेल्या आयबीपी कंपनीने एकमजली, नव्या रचनेचे कारखाने गुरांच्या जवळ, लहान गावांत काढले. १९६७ पासून तिने अख्खे अर्धे धड आकड्याला लटकवून पाठवण्याऐवजी तिथेच भाग पाडून, निर्वात पिशवीत भरून, खोक्यांतून पाठवायला सुरुवात केली. त्यामुळे वाहतूक स्वस्त झाली, शहरातल्या कसबी खाटकाची गरज उरली नाही आणि जुन्या संघटनेच्या पगाराचा करारही मागे पडला. ओमाहातले जुने, बहुमजली कत्तलखाने यापुढे टिकेनात. कडाही १९६७ मध्ये, आर्मर १९६८ मध्ये बंद झाला आणि विल्सन १९७६ पर्यंत कसाबसा चालला. हजारो कुटुंबांची मिळकत दहा वर्षांत गेली, आणि ज्या पगाराविषयी मी बुधवारी लिहिले तो पुन्हा तितका भक्कम कधी झाला नाही. या धंद्याच्या इतिहासात मला सर्वांत बोचणारी गोष्ट हीच वाटते.

परतताना वाटेत रन्झा खाल्ला. कोबी, कांदा आणि खिमा भरलेला हा लांबट पाव रशियातून आलेल्या जर्मन कुटुंबांनी नेब्रास्कात आणला. शेतावर नेण्यासाठी याहून सोयीचे दुसरे काही नसेल. ओमाहातल्या जुन्या ब्लॅकस्टोन हॉटेलवरूनही गेलो, कारण रूबेन सँडविचचा जन्म १९२० च्या दशकात तिथल्या पत्त्यांच्या मैफलीत रूबेन कुलाकोफ्स्की या किराणा व्यापाऱ्यासाठी झाला, असे शहर अभिमानाने सांगते. न्यूयॉर्कचाही त्यावर दावा आहे. ज्यूंच्या खारवलेल्या बीफचा तो पदार्थ, आणि बीफचे नाव जगभर पोहोचवणारी ओमाहा स्टेक्स ही कंपनीही लॅटव्हियाहून आलेल्या सायमन या ज्यू कुटुंबाने १९१७ मध्ये काढलेली. १९५० च्या दशकापासून ती टपालाने स्टेक घरपोच पाठवू लागली, आणि पुष्कळ अमेरिकनांना ओमाहा हे नाव आधी त्या पांढऱ्या थर्मोकोलच्या खोक्यावरच भेटते.

रात्री गोरॅट्समध्ये जेवलो. अब्जाधीश गुंतवणूकदार वॉरन बफे यांचे हे आवडते ठिकाण. कमी भाजलेला टी-बोन, दुप्पट हॅश ब्राउन, म्हणजे किसून परतलेला बटाटा, आणि चेरी कोक हा त्यांचा ठरलेला बेत सर्वश्रुत आहे. मे महिन्यात त्यांच्या कंपनीची सभा भरते तेव्हा इथे जागा मिळत नाही. त्या ऑक्टोबरच्या रात्री मात्र आजूबाजूची कुटुंबेच जेवत होती, आणि मला ते अधिक आवडले.

शनिवार

शेवटचा दिवस साउथ ओमाहाच्या चोविसाव्या रस्त्यासाठी राखून ठेवला होता. एके काळी इथल्या पाट्या पोलिश आणि चेक भाषांत असत, आता त्या स्पॅनिशमध्ये आहेत. ओमाहात आजही मांसाचे कारखाने आहेत. ग्रेटर ओमाहा पॅकिंग ही १९२० ची कंपनी अजून चालू आहे, आणि तिथल्या व तिच्यासारख्या इतर कारखान्यांतल्या ओळीवर आज मेक्सिको, ग्वाटेमाला, एल साल्व्हादोर आणि अलीकडे सुदान इथून आलेली माणसे सुरी चालवतात. ओमाहाच्या स्टेकची वर्णने वाचताना या माणसांचा उल्लेख क्वचितच सापडतो, म्हणून मला इथे यायचेच होते.

एका मांसाच्या दुकानात शिरलो. काचेमागे स्टेकहाउसात कधी न दिसणारे भाग मांडलेले होते. जीभ, गाल, अख्खे डोके, वजडी, शेपटी, आणि पोटाजवळचा लांब, पातळ पट्टा, ज्याला इथे अराचेरा म्हणतात. काउंटरवरचा तरुण तो पट्टा आडव्या सुरीने कागदाइतका पातळ करून लिंबाच्या रसात आणि मिरपुडीत मुरवत होता. त्याने सांगितले की त्याचे वडील आणि काका दोघेही कारखान्यात, हाडे सोडवण्याच्या ओळीवर आहेत, आणि शनिवारी पाळीवरून सुटल्यावर तेच त्याच्या दुकानाचे पहिले गिऱ्हाईक असतात. दुकानाच्या मागच्या भागात चारपाच टेबले होती. बार्बाकोआ, म्हणजे डोक्याचे आणि गालाचे मांस रात्रभर वाफेवर शिजवलेला पदार्थ, फक्त शनिवार-रविवारी मिळतो. एका ताटात मक्याच्या दोन-दोन छोट्या रोट्या एकावर एक ठेवून त्यावर बोटांनी सुटेल इतके मऊ मांस, चिरलेला कांदा आणि कोथिंबीर घालून दिली. वरून लिंबू पिळायचे. मी जिभेचाही एक टाको घेतला. तो बार्बाकोआहून घट्ट, पण तितकाच मऊ होता. भावाला त्यांनी घेवड्यासारख्या दाण्यांची घट्ट उसळ, भात आणि गरम रोट्या वाढल्या, आणि हिरव्या मिरचीच्या चटणीची वाटी त्याने तीनदा भरून घेतली.

दुकानाच्या भिंतीवर कामाच्या पाळ्यांचे वेळापत्रक चिकटवलेले होते, कारण पाळी सुटण्याच्या हिशेबानेच स्वयंपाक चढतो. साडेअकराला दार उघडून सातआठ माणसे एकदम आत आली, त्यांनी हात धुतले आणि न विचारता काउंटरसमोर रांग लावली. त्या तरुणाची आई आतून रोट्यांची नवी चळत घेऊन बाहेर आली.